भैयाच्या व्हिडिओतला बंकट

युसूफ वडगाव,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. तेजश्रीस वच्छलाआत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आमी इथं अंगानं खुशाल. डोकं मात्र ठिकाणावर न्हाई. तू म्हणशील, आत्यानं फोन करायचा सोडून पोष्टाचं पाकीट कावून धाडलं? तर फोनवर बोलाय लागलं की आमचे मालक, तुझे मामा, बाजेवर पडल्या पडल्या कान टवकारतेत, अन् ही गोष्ट त्यांच्या कानावर जायची न्हाई. दुसरं म्हंजे तूच दिवाळीत सांगून गेलतीस की कंपनीच्या कामाचं फोनवर, व्हाट्सअपवर चकार शब्द काढायचा न्हाई, सह्या करून घेतल्यात म्हणून. कागदाला कोण विचारतंय बाई! दोन्ही बाजूनं लिवलंय, भिंग लावून वाच.

मेंढरंवाला बंकट तुला आठवतोच. त्याच्या कोकरांना बाटलीनं दूध पाजायला पळायचीस, अन् आलीस की वासापायी मी तुला आधी न्हाणीत ढकलायची. सोयाबीन निघालं की त्याची मेंढरं पहिल्यांदा आपल्या वावरात बसतेत, हा माझ्या सासऱ्यापासूनचा शिरस्ता. रातच्याला जाळं लावून मेंढरं बसवायची, वावराला फुकटात खत पडतं. आपण शिधा द्यायचा, मी म्होरक्या एडक्याला हळदकुंकू लावायचं अन् त्याच्या रतनबाईची ओटी भरायची. आपल्याकडं बसल्याबिगर तो दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवत न्हाई.

औंदा मामांना हौस आली. आमदार रविराजभैयाची माणसं झेडपीच्या निवडणुकीसाठी शेतकऱ्यांचे व्हिडिओ काढत हिंडत होती. भैयाच्या मोबाईलवरल्या पानावर आपलं वावर दिसंल म्हणून मामांनी त्यांना बोलावून आणलं. बंकटला पटका नीट बांधाय लावला, मेंढरांना हाळी घालाय लावली. ते बेनं पण हसत हसत उभं राहिलं. मग तो मेंढरं घेऊन गेला तलवाड्याला.

तो तिकडं असताना दिवाळी झाल्यावर आपल्या शिवारातल्या विहिरींवरल्या मोटारी अन् केबली चोरीला गेल्या. लोक भैयाच्या नावानं बोटं मोडाय लागले, कारण पोलीस काही करंनात. तर भैयानं काय करावं? सभेत सांगितलं की चोर बाहेरून येत न्हाईत, मेंढरं घेऊन वावरात झोपतेत. अन् त्या भाषणाच्या व्हिडिओत आपल्या वावरात काढलेला बंकट चिटकवला. नाव सांगितलं, गाव सांगितलं. वर म्हणाला की हा दिसला की काय करायचं ते माझ्या लोकांना शिकवावं लागत न्हाई. ऐकून तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. भैयाचं बंकटशी वाकडं असंल म्हणावं तर तसं पण न्हाई. त्याला एक तोंड पाहिजे होतं, हे हाताशी होतं.

आता बंकट माघारी आलाय, तर त्याला कुणी वावरात बसू देईना. रोज सांजंला मेंढरं घेऊन ह्या बांधावरून त्या बांधावर हाकलून घेतोय. परवा केजच्या रस्त्याला पोरांनी त्याला अडवून मोबाईल तोंडासमोर धरला, हाच का तो म्हणून. जिवावर बेतंल, तेजे.

तू त्या कंपनीत हेच करतीस ना, वाईट व्हिडिओ काढून टाकायचं? मग तेवढा एक काढ. जिथं दिसंल तिथून काढ. मामांना कळू देऊ नको, ते भैयाविरुद्ध शब्द ऐकून घेत न्हाईत.

जेवत जा वेळेवर. आत्याची याद ठेव.

तुझी,
वच्छलाआत्या


हैदराबाद,
२६ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आत्यास तेजश्रीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. भिंग नाही लागलं, पण चहाचे डाग पुसत वाचावं लागलं. त्याच दिवशी मी तो व्हिडिओ शोधला. आपलं वावर, मागची बाभळ, सगळं ओळखीचं, आणि त्यावर भैयांचा आवाज. बघवला नाही.

आता तुला कसं सांगू? मी तो काढू शकत नाही. तुला वाटतं तसं माझ्यासमोर एक बटण असतं आणि मी दाबलं की गेलं, हे खरं आहे, पण ते तुझ्यामाझ्यासारख्यांच्या व्हिडिओला. मोठ्या नेत्यांची खाती वेगळ्या यादीत असतात. त्यांचा व्हिडिओ उघडला की ते बटणच दिसत नाही. मी फक्त वर पाठवू शकते. वर म्हणजे कुठे, कोण बसलंय, त्याला मराठी येतं का, हे आम्हाला कुणालाच माहीत नाही. मी पाठवला. उत्तर आलं की विचार चालू आहे, तोवर राहील.

कामाला लागले तेव्हा ह्याचं कारण शिकवलं होतं. नेता काय बोलतो हे लोकांना कळलं पाहिजे, झाकून ठेवलं तर मत देताना लोकांना खरा माणूस दिसणार कसा? आत्या, तेव्हा मला ते पटलं होतं. मी मान हलवली होती. त्या वर्गात कुणाच्या डोळ्यांसमोर बंकटकाका नव्हते.

पण अगदीच हात बांधून बसलेले नाही, एवढं ऐकून तुला बरं वाटेल. साध्या खात्यांवर भैयांचा तोच व्हिडिओ लोकांनी चढवलाय, आणि तिथे माझं बटण चालतं. नियम स्पष्ट आहे, नाव घेऊन कुणाला मारायला उठवलं की काढायचं. मराठी बघणारे आम्ही मोजकेच आहोत, त्यामुळे बरेचसे माझ्याच पुढ्यात येतात. आले की मी थांबतसुद्धा नाही. सुरुवातीला भैयांचं तोंड दिसलं की उडवते. काल तर ‘मेंढरांची लेक’ असल्या नावाचं एक खातं सापडलं. म्हटलं, बघा, मेंढरांचं नाव लावून पुन्हा हेच! दोनदा चढवला होता. मी व्हिडिओ तर काढलाच, दुसऱ्यांदा म्हणून खातंही बंद केलं आणि जाऊन झकास चहा प्यायले. तुझी भाची एवढं तरी करतेय.

बंकटकाकांना सांग, थोडे दिवस जपून राहा. मामांशी भांडू नकोस, त्यांचा रक्तदाब तुझ्यापेक्षा लवकर चढतो. माझ्यावरचा लोभ आहे तसाच घट्ट राहू दे.

तुझी,
तेजश्री


युसूफ वडगाव,
४ डिसेंबर २०२५

चि. तेजश्रीस आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी इथलं सगळं सांगते, मग तुला विचारते, अन् मला खरं ते लिही.

बंकटची उज्ज्वला, आपली उजी, लई धीराची पोरगी. पोलीस भरतीची तयारी करतीया. बाप रोज हाकलून घेतोय हे बघून तिनं काय केलं, तलवाड्याला गेली. चोरी झाली त्या दिवसांत बंकटची मेंढरं ज्यांच्या वावरात बसलती, त्या रामहरीला गाठलं. लई भित्रा माणूस तो, पण पोरीनं हातापाया पडून तयार केला. मग तिनं फोनवरनं लाईव्ह केलं. आधी भैयाचं भाषण दाखवलं, लोकांना कळावं की उत्तर कशाला देतोय. मग रामहरी बोलला की बंकट तवा माझ्या वावरात होता, माझ्या घरची भाकर खात होता. मग बंकट बोलला. त्याला कुठं बोलता येतंय! हात जोडून एवढंच म्हणाला की मी चोर न्हाई, मला माझ्या मेंढरांसंगट राहू द्या. पहिल्यांदा आवाज नीट आला न्हाई म्हणून दुसऱ्या दिवशी परत केलं.

तेजे, लोक हलले गं. आपल्या गल्लीतल्या बायांनी मला फोन लावून विचारलं. तलवाड्याच्या दोघा-तिघांनी निरोप धाडला की बंकटला म्हणावं ये, आमच्यात बस. रतनबाई माझ्यापशी येऊन रडली, आनंदानं रडली.

अन् मग ते गेलं. व्हिडिओ पण गेला, उजीचं खातं पण गेलं. लाईव्ह केलतं म्हणून फोनात काही राहिलं न्हाई म्हणं. तिला कंपनीकडनं आलं की तुमच्या व्हिडिओत मारायला उठवलंय, आमचे नियम सगळ्यांना सारखे हायेत. त्या पोरीनं ते मला वाचून दाखवलं. भैयाचं भाषण भैयाच्या पानावर जसंच्या तसं हाय, अन् तेच भाषण तिनं उत्तर द्यायला दाखवलं तर तिचं गेलं. गावात आता म्हणतेत की बघा, खोटं होतं म्हणून कंपनीनंच काढलं. बंकट खरा असता तर राहिलं असतं.

तिच्या खात्याचं नाव ‘मेंढरांची लेक’ होतं. आता मला सांग.

आत्या


युसूफ वडगाव,
१० डिसेंबर २०२५

चि. तेजश्रीस अर्जुनमामाचे अ. उ. आ. पत्रास कारण की, तुझं पत्र तुझ्या आत्याच्या उशीखाली सापडलं. चोरून वाचलं असं म्हण, माझं घर हाय.

दोन गोष्टी नीट ऐक. भैयासाहेबांना लोकांनी मतं देऊन निवडून दिलं. ते चूक बोलले तर लोक त्यांना खाली बसवतील. तुमी कंपनीतली पोरं अन् तुमचे ते वरचे, ज्यांना इथली पायवाट ठाऊक न्हाई, तुमी आमच्या माणसाचं तोंड बंद करणार? मागं पीकविम्याच्या मोर्च्याचं आमच्या लोकांचं पान असंच एका दुपारी बंद केलतं तुमच्या कंपनीनं. तवा आमी कुणाकडं दाद मागितली? आज भैयाचं काढाल, उद्या माझं. उजीचं काढलं तेच बघ ना. काढायचं हत्यार हातात आलं की ते गरिबावरच चालतं, हे मी तुला शिकवायचं का तू मला?

पण बंकटचं मला काही वाटत न्हाई असं समजू नको. कॅमेरावाल्यांना मीच आणलं, हे तुझी आत्या मला रोज ताटावर वाढती. म्हणून मी स्वतः भैयाकडं गेलतो. त्यांनी बसवलं, चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले की मामा, मला ठाऊक हाय तो गरीब माणूस हाय, पण व्हिडिओ लई चाललाय, आता काढला तर मी खोटा पडतो. निवडणूक होऊ द्या, मग काढतो, तवर त्याला लांब कुठं चारायला धाडा. माझ्यादेखत त्यांनी शब्द दिलाय.

मी बंकटला माजलगावच्या पट्ट्यात जायला सांगितलंय. तिकडं ऊसतोड चालू हाय, मेंढरांना उसाच्या शेंड्याचं वाढं मिळंल, अन् तिकडं त्याला कुणी ओळखत न्हाई. निवडणुकीपुरताच प्रश्न हाय. तू नोकरी सांभाळ, ह्याच्यात पडू नको.

आमच्यावरचा राग विसर, माया विसरू नको.

अर्जुनराव


हैदराबाद,
१३ डिसेंबर २०२५

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

मी काढला. उजीचा व्हिडिओ मी काढला, खातं मी बंद केलं.

वेगळ्या शब्दांत सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. आम्हाला एकेक व्हिडिओ शेवटपर्यंत बघायला वेळच नसतो, पण ते कारण नाही. भैयांचं तोंड दिसलं आणि मला हर्ष झाला. रामहरी बोललेला मी ऐकला नाही. बंकटकाका बोलले तेही ऐकलं नाही. ऐकलं असतं तर त्यांचा आवाज मी झोपेतही ओळखला असता.

तुझं पत्र आल्या दिवशीच आमच्या टीमच्या प्रमुखाला सांगितलं. माणूस वाईट नाही. म्हणाला की ह्या लोकांना तू ओळखतेस हे पुन्हा कुणाजवळ बोलू नकोस, ओळखीच्यांचा व्हिडिओ हाताळला म्हणून तुझी नोकरी जाईल आणि मागोमाग माझी. खातं परत उघडायला उजीनंच अर्ज करायला हवा. तिनं केलाय, मी बघितला. पण नेत्याचा व्हिडिओ ज्यात आहे त्याचा निकालही वरच लागतो, म्हणजे तो भैयांच्याच फाईलमागे जाऊन उभा राहिलाय. उशीर झाला तर व्हिडिओ कायमचा पुसला जातो. मी रोज तीच विनंती पुन्हा पाठवते.

मामांचं पत्र कालच मिळालं. त्यांचं निम्मं म्हणणं खरं आहे, आणि तेच मला जास्त लागलं. नेत्यांना नियम लावायचेच नसतील तर कुणालाच लावू नयेत. लावायचे तर आधी त्यांना लावावेत. आम्ही बरोबर उलटं करतो, आणि त्याचा मला पगार मिळतो. पण मामांना विचार, माजलगावच्या पट्ट्यात बंकटकाकांना ओळखणार नाही असा मोबाईल आहे का? आत्या, त्यांना तिकडे पाठवू नका. इथे निदान निम्मं गाव त्यांना लहानपणापासून बघतंय. तिकडे लोकांनी त्यांना फक्त त्या व्हिडिओत पाहिलंय.

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतेय. फोन केला होता, तुझा बंद लागला. मग मामांना लावला, त्यांनी सांगितलं की सगळं ठीक आहे.

उजीला काय सांगायचं ते तू ठरव. मला क्षमा कर असं म्हणायची हिंमत नाही.

तेजश्री


युसूफ वडगाव,
२९ डिसेंबर २०२५

चि. तेजश्रीस आशीर्वाद.

बंकट गेला.

तुझं पत्र हातात पडलं तवा तो माजलगावकडं पोचलाही होता. मामांनी फोन करून माघारी ये म्हणलं. तो म्हणाला की मालक, मेंढरांना इथं पोटभर चारा हाय, दोन दिवसांनी हलतो. तोडीच्या फडाला लागून एक वस्ती हाय, तिथं सांजंला तो पाणी मागाय गेला. एकानं मोबाईल काढून तोंड ताडून पाहिलं. मग कुणी विचारलं न्हाई की काय झालं, कुठं झालं. त्या वस्तीवरची एक मोटार पण चोरीला गेली नव्हती, तेजे. रतनबाई आडवी पडली तर तिला ओढून बाजूला केलं. उजी इकडं केजला अभ्यासिकेत बसलती. दवाखान्यात नेईस्तवर त्याचा जीव राहिला न्हाई.

मेंढरं रातभर फडात भरकटली. निम्मी सापडली, ती उजीच्या चुलत्यानं नेली. आता कुणाच्या वावरात काही बसायचं न्हाई.

भैयानं श्रद्धांजली वाहिली. कायदा हातात घेऊ नका असं म्हणाला. एवढं बोलून पुढच्या गावाला सभेला गेला. पोलिसांनी अनोळखी लोकांवर केस केलीय. व्हिडिओ फिरवला म्हणून केसमध्ये नाव येईल, ह्या भीतीनं गावातल्या पोरांनी फोन सगळे पुसून काढले. रामहरीला पोलिसांनी विचारलं, तर म्हणाला की मला तारखा आठवत न्हाईत, माझी तब्येत बरी नसती. त्याच्यावर मी रागावू तरी कशी? त्यानं एकदा धाडस केलतं, ते गेलं.

तुझ्यावर मात्र मला राग आला. खोटं कशाला बोलू, लई आला. तुझा फोटो भिंतीवरनं काढून कपाटात ठेवला. मग वाटलं, जिथं दिसंल तिथून काढ, असं तुला मीच लिवलतं. तू आत्याचं ऐकलंस. फोटो परत लावलाय. उजीला मी अजून सांगितलं न्हाई, अन् सांगणार पण न्हाई. तिनं विचारलं तर काय करीन, माहीत न्हाई.

मामा दिवसभर वावरात जाऊन बसतेत, बोलावलं की येतेत. परवा ताटावर बसल्या बसल्या रडले. लग्नापासून त्यांना रडताना बघितलं नव्हतं. म्हणाले की भैयानं शब्द दिलता.

तू खात-पीत जा, हे लिवायचं म्हणून लिवते. माया तुटत नसती.

आत्या


हैदराबाद,
९ जानेवारी २०२६

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून काहीच लिहिता आलं नाही. आज लिहायला एक कारण मिळालं.

दिल्लीच्या एका इंग्रजी पेपरात बंकटकाकांची बातमी आली. नेत्याच्या व्हिडिओनं मेंढपाळाचा जीव घेतला, आणि कंपनी बघत बसली, असं छापलं. त्या दुपारीच वरून हुकूम आला. भैयांचा व्हिडिओ काढला, आत्या. त्यांच्या पानावरून काढला, आणि जिथे जिथे त्याची नक्कल असेल तिथून यंत्रानं आपोआप पुसला. भैयांना महिनाभर काही चढवता येणार नाही. मी इतके दिवस रोज जे मागत होते ते पेपरवाल्यांच्या एका बातमीनं संध्याकाळच्या आत झालं. आमच्या मजल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाथरूममध्ये जाऊन बसले.

उजीचा व्हिडिओ मात्र परत आला नाही. मुदत संपून तो कायमचा गेला होता. प्रमुखानं माझ्यासाठी दोनदा विचारून बघितलं. कुठेच नाही म्हणाले.

नोकरी सोडावी असं रोज वाटतं. मग वाटतं, माझ्या जागी येईल त्याला तर बंकटकाका माहीतही नसतील. पण मला माहीत असून मी काय केलं? ह्याच्यापुढे माझा विचार जात नाही. तू काही सुचवू नकोस.

एवढं कर. रतनबाईंना माझा निरोप दे की तो व्हिडिओ आता जगात कुठेही उरलेला नाही. त्यांच्या माणसाला चोर म्हणणारा तो आवाज पुन्हा कुणाला ऐकू येणार नाही. उशिरा झालं, पण झालं. त्यांना तेवढं तरी बरं वाटावं.

मामांना नमस्कार. तुझी माया मला हवी आहे, मागायचा हक्क आहे की नाही ठाऊक नाही.

तेजश्री


युसूफ वडगाव,
१७ जानेवारी २०२६

चि. तेजश्रीस आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. तुझा निरोप मी रतनबाईला दिला न्हाई. कावून ते सांगते.

आधी भैयाचं ऐक, म्हंजे एकदाचं ते संपतं. व्हिडिओ काढल्यापासून तो तोंडाला काळी पट्टी बांधून सभेला येतो. भाषण करत न्हाई, नुसता उभा राहून हात जोडतो. दुसरा एकजण माईकवर सांगतो की मराठवाड्याच्या लेकाचं तोंड परदेशी कंपनीनं बांधलं. बाया ओवाळतेत. एवढी गर्दी त्याला आधी कधी झाली नव्हती. मामा पण गेलते. मी विचारायच्या आधीच म्हणाले की गावात राहायचंय. मी ताट वाढलं.

आता रतनबाईचं. बंकटचे दिवस घातल्यापासून ती रोज सांजंला आपल्या दारात येऊन बसायची. मी चहा द्यायची, ती घ्यायची. एक दिवस म्हणाली की वयनी, मालकांच्या मोबाईलवर तो भैयाचा व्हिडिओ लावता का. मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. म्हणलं कशाला बघायचं ते इख? तर म्हणाली की आवाज बंद करून लावा.

मग कळलं. बंकटचा फोटो त्यांच्याकडं न्हाई गं. आधार कार्डावरला हाय, त्यात माणूस ओळखू येत न्हाई. उजीचा फोन पोलिसांनी तपासाला नेलाय, तो कधी मिळंल भगवंताला ठाऊक. भैयाच्या माणसांकडं मामांनी मागून बघितलं, ते म्हणाले की केस झाल्यावर आमी सगळं पुसलं. राहिला होता तो एवढाच. त्याच्यात बंकट आपल्या वावरात उभा हाय, पटका बांधलेला, हसतोय, हात वर करून मेंढरांना बोलावतोय. ती मोबाईल दोन्ही हातांत धरून बघायची. संपला की परत लावा म्हणायची. वर भैयाचं तोंड यायचं, तिथं ती अंगठा ठेवायची. रोज यायची. माझं काळीज फाटायचं, पण ती गेल्यावर वाटायचं की आजच्या दिवसाचं तिचं भागलं.

तुझी कंपनी ज्या दिवशी शहाणी झाली, त्या दिवशी ती नेहमीसारखी आली. मी लावाय गेले तर तिथं काहीच न्हाई. मामांनी बघितलं, शेजारच्या सत्यमला बोलावून बघाय लावलं. त्यानं सांगितलं की सगळीकडनं गेलाय. मी त्याला डोळ्यांनी दटावलं अन् रतनबाईला म्हणलं की आज नेट न्हाई.

दुसऱ्या दिवशी पण म्हणलं, नेट न्हाई. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की सत्यमच्या मोबाईलला तर नेट हाय, गाणी वाजतेत. मी म्हणलं, टॉवरचं काहीतरी हाय, दुरुस्त करतेत. तिनं मान हलवली. चहा न घेता गेली.

तुझ्यावर रागवून लिवत न्हाई, तेजे. काढायला पाहिजे होता, मीच तर पहिल्यांदा मागितलतं, तो जिता असताना मागितलतं. पण आता सांज होत आलीय, ती बांधावरनं येताना दिसतीया. तू शिकलीसवरलीस, तिथं बसतीस, तुला ठाऊक असंल. आज तिला काय सांगू, ते मला कळव. तवर मी टॉवरचंच सांगते.

आत्याला अंतर देऊ नको.

तुझी,
वच्छलाआत्या